नावानिशी



शाळेत आमच्या बाईंच्या वर्गात मी चार वर्षं बसले. बाई हजेरी घ्यायच्या ती पूर्ण नावानं. नंबर पुकारायची पद्धत आमच्या शाळेत तेव्हाच सुरू झाली होती आणि बाकीच्या शिक्षकांची हजेरी दोन मिनिटांत उरकायची. बाईंना सहा-सात मिनिटं लागायची. मुलीचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. 'हजर' ऐकू आलं की मान वर करून त्या मुलीकडे एकदा बघायच्या. एखादी सलग तीन दिवस 'हजर' म्हणाली नाही की चौथ्या दिवशी संध्याकाळी बाई तिच्या ओट्यावर. लग्न ठरवताय का, धाकट्याला सांभाळायला घरी ठेवलीय का, कापूस वेचायला धाडलीय का, हे तिथं बसून विचारायच्या. त्यातल्या किती मुली परत आल्या याचा हिशेब बाईंनी कधी कुणाला सांगितला नाही. माझ्या बाकावरची एक आली, एवढं मला माहीत आहे.

आजचा विषय आहे, मुलींच्या हक्कांसाठी धर्मांध सशस्त्र टोळ्यांपुढे उभी राहिलेली तरुण मुलं-मुली. ती जिथली आहेत तिथंच मी तुम्हाला नेणार आहे. पाकिस्तान आणि अफगाणिस्तान यांच्या सरहद्दीच्या अलीकडे-पलीकडे पसरलेला पश्तूनांचा मुलूख, आणि शेवटी थोडं त्याच्याही पुढं. वाटेत हाताशी धरणार आहे ती बाईंची हजेरी. कारण गेली काही वर्षं मी या मुलींविषयी जे वाचत आले, त्यातून मला त्यांची सगळी लढाई एका प्रश्नाभोवती फिरताना दिसते. मुलीचं नाव चारचौघांत कोणी घ्यायचं, आणि कशासाठी?

स्वातपासून सुरुवात करू. पाकिस्तानच्या वायव्येकडचं हे डोंगरी खोरं १९६९ पर्यंत संस्थान होतं. तिथल्या राजाला वाली म्हणत. शेवटचे वाली मियांगुल जहानजेब यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, १९५२ मध्ये महाविद्यालय उभं केलं. मुलींची शाळा ही स्वातला कुणी परक्यानं आणून दिलेली वस्तू नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढं तिथं जे झालं त्याला 'मागासलेला मुलूख, तिथं असंच चालायचं' असं म्हणून आपण मोकळे होतो. संस्थान विलीन झालं आणि तंटे सरकारी कोर्टांत गेले. वालीच्या अमलात झटकन निकाली निघणारा जमिनीचा वाद आता वर्षानुवर्षं तारखांवर लोंबकळू लागला. या चिडीवर नव्वदच्या दशकात सूफी मुहम्मद यांची चळवळ उभी राहिली. शरियत आली की न्याय लवकर मिळेल, एवढंच पुष्कळांनी त्यातून ऐकलं. मग ८ ऑक्टोबर २००५ चा भूकंप आला. उद्ध्वस्त गावांत मदत घेऊन धार्मिक संघटनांचे कार्यकर्ते पोचले, आणि हा आपल्या पापांचा कोप आहे असं सांगणारे मौलवीही पोचले.

सूफी मुहम्मद यांचा जावई फझलुल्ला. स्वात नदी ओलांडायच्या दोरावरच्या पाळण्यावर तो पूर्वी काम करत असे. त्यानं इमाम ढेरी नावाच्या गावातून विनापरवाना एफएम रेडिओ सुरू केला. सुरुवातीचं बोलणं साधं होतं: वजू नीट करा, तंबाखू सोडा, कुराण वाचा. स्वातमधले कितीतरी पुरुष तेव्हा कराचीत नाहीतर आखातात कामाला होते. घरी राहिलेल्या बाया चुलीपाशी हा रेडिओ लावून बसायच्या. बाहेरच्या जगातला कोणी माणूस आपल्याला उद्देशून बोलतोय, हा अनुभव त्यांना नवा होता. त्यांनी त्याला अंगावरचं सोनं काढून दिलं. मग हळूहळू रेडिओचा सूर चढला. टीव्ही जाळा. गाण्यांच्या सीडी फोडा. पोलिओचे थेंब देऊ नका. आणि मुलींना शाळेत पाठवू नका.

इथं मी थोडी थांबते. पश्तून समाजात बाईचं नाव परपुरुषासमोर घेत नाहीत. ती अमक्याची आई, तमक्याची बहीण. नाव घेणं म्हणजे घराच्या अब्रूला हात घालणं. आणि हा माणूस, जो म्हणत होता की बाईचं स्थान चार भिंतींच्या आत, तो रोज रात्री सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात शाळा सोडलेल्या मुलींची नावं वाचून दाखवत असे. अमक्याच्या मुलीनं शाळा सोडली, तिचं अभिनंदन, तिला स्वर्ग मिळेल. एरवी जे नाव उंबऱ्याबाहेर जायचं नाही ते त्यानं हवेत सोडलं, आणि कुणाची हरकत आली नाही. कारण ते नाव मुलगी घरी बसल्याचं बक्षीस म्हणून घेतलं जात होतं. ज्यांचं नाव आलं नाही, त्यांच्या घरचे दुसऱ्या दिवशी एकमेकांची तोंडं बघत. ही बाईंच्या हजेरीच्या नेमकी उलटी हजेरी होती. गैरहजर राहिलेल्यांची यादी, आणि तीच मानाची.

२००८ च्या अखेरीस फझलुल्लाच्या तालिबान टोळीचा हुकूम निघाला: १५ जानेवारी २००९ पासून मुलींच्या सगळ्या शाळा बंद. तोवर शंभरांवर शाळा उडवल्या गेल्या होत्या. मिंगोरा शहरातल्या ग्रीन चौकात रात्री मारलेल्यांची प्रेतं सकाळी आणून टाकत, म्हणून लोक त्याला खूनी चौक म्हणू लागले होते. बीबीसीच्या उर्दू विभागाला तेव्हा स्वातमधल्या एखाद्या शाळकरी मुलीची रोजनिशी हवी होती. मिंगोऱ्यात खुशहाल नावाची शाळा चालवणाऱ्या झियाउद्दीन युसूफझाई यांच्याकडे त्यांनी विचारणा केली. एक मुलगी तयार झाली होती, तिच्या घरच्यांनी भीतीनं नको म्हटलं. मग झियाउद्दीन यांची अकरा वर्षांची मुलगीच पुढं झाली. ती फोनवरून सांगायची, पेशावरचा बातमीदार उतरवून घ्यायचा. नाव बदललं होतं. एका पश्तो लोककथेतल्या नायिकेचं नाव घेतलं होतं, गुल मकई.

३ जानेवारी २००९ ची पहिली नोंद आहे. त्या दिवशी वर्गातल्या २७ पैकी ११ मुली आल्या होत्या. बघा, तीही हजेरीच आहे. मला त्या रोजनिशीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. अकरा वर्षांची मुलगी भीतीबद्दल बोलताना पट मोजते. रंगीत कपडे घालू नका अशी सूचना आली, मग आवडता गुलाबी ड्रेस घालता येत नाही, तेही ती सांगते. १४ जानेवारीला हिवाळ्याची सुट्टी लागली, पण शाळा पुन्हा कधी उघडणार ती तारीख मुख्याध्यापिकांनी सांगितली नाही. नेहमी सांगत, या वेळी सांगितली नाही, हेही ती टिपते. पुढं टोळीवाल्यांनी चौथीपर्यंतच्या मुलींना परवानगी दिली, तेव्हा पाचवीतली ही मुलगी आणि तिच्या मैत्रिणी साधे कपडे घालून, पुस्तकं चादरीखाली लपवून, आम्ही चौथीतल्याच असं भासवत शाळेत जात राहिल्या.

तिचं खरं नाव मलाला, वडलांनी ठेवलं होतं ते मैवंदच्या मलालईवरून. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंदला अफगाणांनी इंग्रजांचा पराभव केला. पळू लागलेल्या आपल्या सैनिकांना धीर देत एक तरुण मुलगी रणात उतरली आणि तिथंच पडली, अशी कथा पश्तूनांच्या घराघरांत सांगतात. त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूनं मुंबई इलाख्याच्या फौजेच्या पलटणी होत्या. आपल्याकडच्या इतिहासात मैवंद कुणाच्या फारसं लक्षात नाही, त्यांच्याकडे मलालईचं नाव पोरींना ठेवतात. घराण्याची वंशावळ समोर आली तेव्हा तिच्यात वरपासून खालपर्यंत फक्त पुरुष होते. झियाउद्दीन यांनी स्वतःच्या नावापासून एक रेघ ओढली आणि तिच्या टोकाला मुलीचं नाव लिहिलं. घरातल्या घरात केलेली ती खूण मला पुढच्या कितीतरी मानसन्मानांपेक्षा मोठी वाटते.

आणि आई? तोर पेकाई लहानपणी थोडे दिवस शाळेत गेल्या होत्या. वर्गात त्या एकट्याच मुलगी. मैत्रिणी घरी खेळतायत आणि आपण इथं, असं वाटून त्यांनी पुस्तकं नऊ आण्यांना विकली आणि गोळ्या घेतल्या. कुणी रागावलं नाही. मुलगी शाळेत गेली नाही, यात रागावण्यासारखं काही आहे असं घरात कुणाला वाटलंच नाही. पुढं चाळिशीच्या आसपास त्यांनी लिहाय-वाचायला शिकायचं ठरवलं. नवऱ्याच्या शाळेत त्यांचा पहिला धडा होता तो दिवस ९ ऑक्टोबर २०१२.

त्याच दुपारी शाळेच्या गाडीत शिरलेल्या माणसानं विचारलं, मलाला कोण? कुणी तोंड उघडलं नाही, पण काही मुलींची नजर तिच्याकडे वळली. गोळ्या झाडल्या गेल्या. तिच्याबरोबर शाझिया रमझान आणि कायनात रियाझ या दोघीही जखमी झाल्या. ही दोन नावं मी मुद्दाम पूर्ण घेते. नोबेल मिळालं ते एका नावाला, आणि ते योग्यच होतं. १० डिसेंबर २०१४ ला, वयाच्या सतराव्या वर्षी, आपल्या कैलाश सत्यार्थींच्या शेजारी उभं राहून तिनं ते घेतलं. पण गाडीत बाकं भरून मुली होत्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीनं आदल्या दिवशी दप्तर भरलं होतं. त्या समारंभानंतर सहाच दिवसांनी पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर हल्ला झाला आणि १४० हून जास्त माणसं मारली गेली. त्यात बहुतेक शाळकरी मुलं होती. तालिबानची मुलींच्या शाळेशी लढाई ही मुलांच्याही शाळेशी लढाई आहे, हे त्या दिवशी स्पष्ट झालं.

गोळीबारानंतर दोन महिन्यांनी एक गोष्ट घडली, ती आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. सैदू शरीफच्या सरकारी महिला महाविद्यालयाला मलालाचं नाव द्यायचं सरकारनं ठरवलं. तर तिथल्या मुली रस्त्यावर उतरल्या. वर्गांवर बहिष्कार घातला, मलालाची चित्रं फाडली. हे नाव काढा म्हणाल्या. त्या वेळी पुष्कळांनी त्यांना कृतघ्न ठरवलं. मीही बातमी वाचून चिडले होते. नंतर विचार केला तेव्हा मला माझीच लाज वाटली. त्या मुली रोज त्या फाटकातून आत जाणार होत्या. पाटीवरच्या नावापायी बॉम्ब त्यांच्यावर पडणार होता. शासनाला एका पाटीनं शौर्य साजरं करायचं होतं, आणि त्या शौर्याची किंमत ज्यांच्याकडून वसूल होणार त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. त्या मुली शिकायला येतच होत्या. शाळा सोडली नव्हती, पाटी नको म्हटली होती. मलालानंही त्यांची भीती समजून नाव मागे घ्यायला सांगितलं. तिच्याबद्दलचा माझा आदर त्या एका गोष्टीनं दुणावला.

आता मलालाच्या आधीच्या काळाकडे वळू या, कारण हे काम तिच्यापासून सुरू झालेलं नाही.

हा मुलूख शाळेचा वैरी आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी बादशाह खान आठवावेत. १९२१ मध्ये खान अब्दुल गफार खानांनी उत्मानझईला आझाद शाळा काढली. १९२८ मध्ये 'पख्तून' मासिक सुरू केलं, त्यात बायका लिहीत. १९३४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांना सरहद्द प्रांतात पाऊल ठेवायला बंदी होती, तेव्हा ते वर्ध्याला गांधीजींकडे राहिले आणि त्यांची मुलगी मेहेरताज वर्ध्याच्या आश्रमात शिकत होती. त्यांचं मोठं चरित्र लिहिलं ते रत्नागिरीच्या दीनानाथ तेंडुलकरांनी. म्हणजे पठाण बाप आणि शाळेत जाणारी मुलगी हे चित्र आपण आपल्या अंगणात पाहिलेलं आहे.

त्याच मुलखातल्या स्वाबीची गुललाई इस्माईल. वडील शिक्षक. गुललाई आणि तिची धाकटी बहीण सबा यांना शिकायला मिळत होतं, पण त्यांची एक चुलत बहीण होती, पंधरा वर्षांची. तिला वैमानिक व्हायचं होतं. तिचं लग्न तिच्या दुप्पट वयाच्या माणसाशी लावून दिलं. २००२ मध्ये सोळा वर्षांच्या गुललाईनं बहिणीला घेऊन 'अवेअर गर्ल्स' नावाची संघटना काढली. लक्षात घ्या, तेव्हा पाकिस्तानी तालिबान ही संघटना जन्मालाही आली नव्हती, ती डिसेंबर २००७ मधली. गुललाईसमोर बंदूकधारी नव्हता. समोर होते काका, मामा, आजी. तिनं मुलींना जमवून साध्या गोष्टी सांगायला सुरुवात केली: लग्नाला तुझा होकार लागतो, शिकायचा हक्क तुझा आहे, मत तुला देता येतं.

मला या सगळ्यातून जे म्हणायचं आहे ते इथं येऊन स्पष्ट म्हणते. टोळीवाल्यांनी मुलींविरुद्धचा एकही विचार नवा आणला नाही. 'पोरीला शिकवून काय करायचंय' हे वाक्य प्रत्येक घरात आधीच पडलेलं होतं. त्यांनी ते उचललं, त्याला देवाचा आवाज दिला आणि मागं बंदूक लावली. तंटा मिटवायला मुलगी देऊन टाकण्याची 'स्वारा' ही प्रथा तिकडे जिरग्याची, म्हणजे पंचांची. तालिबाननं ती सुरू केलेली नाही. म्हणून ज्या पोरी घरातल्या त्या वाक्याशी आधीपासून भांडत होत्या, त्यांनाच पुढं बंदुकीसमोर काय बोलायचं ते सुचलं.

अवेअर गर्ल्सनं २०१० पासून तरुणांचं एक जाळं विणलं. कल्पना सोपी, करायला जीवघेणी. गावात कुठला मुलगा टोळीकडे ओढला जातोय ते हेरायचं. बेकार आहे, घरात मयत झालीय, कुणी गाडी आणि पगाराचं आमिष दाखवतंय. त्याच्यापर्यंत त्याच्याच वयाच्या मुला-मुलींनी पोचायचं, बोलत राहायचं. भाषण द्यायचं नाही, बसून ऐकायचं. त्याच्या आईशीही बोलायचं, कारण रेडिओ ऐकून सोनं देणारी तीच होती. अवेअर गर्ल्सच्या प्रशिक्षणात २०११ मध्ये मिंगोऱ्याची एक मुलगी बसली होती, मलाला. बाईंच्या ओट्यावरच्या बैठकीची मला इथं फार आठवण येते. चौथ्या दिवशी घरी जाणं आणि उंबऱ्यावर बसून विचारणं.

स्वातमध्येच अकरा वर्षांच्या हदीका बशीरला तिच्या आजीनं आणलेलं एका टॅक्सीचालकाचं स्थळ आलं. तिच्या वर्गातल्या एका मुलीचं लग्न झालेलं होतं आणि तिच्या अंगावरचे माराचे वळ हदीकानं पाहिले होते. तिनं नकार दिला. तिचा काका तिच्या बाजूनं उभा राहिला, आणि वेळ पडली तर कोर्टात जाईन असं तिनं घरच्यांना सांगितलं. २०१४ मध्ये तिनं मुलींचा गट केला आणि शाळा सुटल्यावर त्या दारोदार जाऊ लागल्या. बापांशी बोलायच्या, आयांशी बोलायच्या. काही दारं तोंडावर बंद व्हायची.

हदीका ज्या कायद्याचा धाक घालत होती तो कोणता? १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा. आपला शारदा कायदा! फाळणीत तो दोन्हीकडे गेला. तिकडे १९६१ मध्ये मुलीचं वय सोळा केलं. आपण १९७८ मध्ये अठरा केलं आणि २००६ मध्ये कायदाच नवा आणला. हदीका फिरत होती तेव्हा तिच्या प्रांतात तो १९२९ चाच कायदा उभा होता, त्या काळच्या एक हजार रुपये दंडासकट. त्या कायद्यामागं ज्या समितीचं काम होतं तिचे अध्यक्ष होते वऱ्हाडातले सर मोरोपंत जोशी. आणि समितीच्या मागं, चाळीस वर्षं आधी, मुंबईच्या कोर्टात 'मी या नवऱ्याकडे जाणार नाही' असं ठामपणे सांगणारी रखमाबाई होती. अकराव्या वर्षी लग्न लावलेली. लोकमान्यांपासून अनेक थोर माणसं तेव्हा तिच्या विरोधात लिहीत होती, हेही आपण विसरू नये. तुरुंगात जाईन पण नांदायला जाणार नाही, असं म्हणणाऱ्या त्या मुलीच्या हट्टाचा एक धागा शंभरावर वर्षांनी सैदू शरीफच्या गल्लीत एका अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात होता. तिला रखमाबाईचं नाव माहीत असण्याचं कारण नाही. आपल्याला हदीकाचं माहीत असायला हवं.

गुललाईचं पुढं काय झालं, तेही सांगायला हवं. २०१४ मध्ये तिच्या घरावर बंदूकधारी आले, ती वाचली. २०१७ मध्ये तिला रशियन पत्रकार आन्ना पोलितकोव्स्काया यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला, दुसऱ्या एका स्त्रीबरोबर विभागून. ती दुसरी पुरस्कार घ्यायला येऊ शकली नाही, कारण ५ सप्टेंबर २०१७ ला बंगळूरमध्ये तिच्या घराच्या दारात तिला गोळ्या घातल्या होत्या. पत्रकार गौरी लंकेश. तिच्या खुनाचे धागे २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्याच्या पुलावर झालेल्या डॉक्टर दाभोलकरांच्या खुनाशी जुळतात, असं तपास यंत्रणांनी न्यायालयांत मांडलं आहे. डॉक्टर दाभोलकर आपल्या वाचनालयात या जागी उभे राहून बोलून गेले आहेत. स्वाबी आणि बंगळूर यांमधलं अंतर मी नकाशावर मोजत होते, तर एका मानपत्रावर ती दोन्ही एकत्र निघाली. मला तेव्हा फार वेळ काही सुचलं नाही.

२०१९ च्या मे महिन्यात इस्लामाबादमध्ये दहा वर्षांच्या एका पश्तून मुलीवर बलात्कार करून तिला मारून टाकलं. आईबाप तक्रार घेऊन गेले तेव्हा पोलिसांनी दाद दिली नव्हती. गुललाई निषेधाच्या सभेत बोलली. तिच्यावर दहशतवादविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. जी मुलगी २०१० पासून पोरांना दहशतवाद्यांपासून परत आणत होती, तिच्यावर. ती महिनोन्‌महिने लपत राहिली आणि सप्टेंबरमध्ये ती न्यूयॉर्कला पोचल्याचं जगाला कळलं. त्यानंतर तिच्या वडलांना अटक झाली, आईवरही खटला भरला गेला. टोळीच्या गोळीतून वाचलेल्या मुलीला सरकार देश सोडायला लावतं, तेव्हा टोळीचं उरलेलं काम पूर्ण होतं. हे माझं मत आहे आणि ते फक्त पाकिस्तानापुरतं नाही.

सरहद्दीच्या पलीकडे जाऊ. अफगाणिस्तानात बाईचं नाव लग्नपत्रिकेवर नसे, थडग्यावर नसे, मुलाच्या ओळखपत्रावरही नसे. २०१७ मध्ये हेरातच्या काही तरुण मुलींनी, लाले उस्मानी त्यांत पुढं, विचारायला सुरुवात केली: माझं नाव कुठं आहे? नवरे, भाऊ चिडले. पण चळवळ वाढली, गायक आले, खासदार आले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये ओळखपत्रावर आईचं नाव घालायच्या दुरुस्तीवर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. आपल्या महाराष्ट्रात सरकारी कागदांवर वडलांच्या नावाआधी आईचं नाव सक्तीचं झालं ते १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी. हेरातच्या पोरी आपल्या साडेतीन वर्षं पुढं होत्या.

१५ ऑगस्ट २०२१ ला काबूल अफगाण तालिबानच्या हाती पडलं. सप्टेंबरमध्ये सहावीच्या पुढच्या मुलींना शाळेची दारं बंद झाली. २० डिसेंबर २०२२ ला विद्यापीठं बंद झाली, डिसेंबर २०२४ मध्ये नर्स आणि सुईणीचं शिक्षणही. ज्या देशात पुष्कळ ठिकाणी बाईला पुरुष डॉक्टरानं तपासायचं नाही, तिथं सुईणी तयार होणं थांबवलं, म्हणजे काय होणार ते इथल्या प्रत्येक आईला कळतं. युनेस्कोच्या २०२४ च्या हिशेबानं किमान १४ लाख मुली माध्यमिक शिक्षणाला मुकल्या आहेत. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये जो सदाचाराचा कायदा आला, त्यात बाईचा आवाजही झाकायची गोष्ट ठरला. नावाच्याही पुढं गेले ते. आवाजच नको.

त्यावर अफगाण मुलींनी काय केलं? गाणी म्हटली. तोंड झाकून, खोलीत बसून, फोनवर ध्वनिचित्रं काढून जगाला पाठवली. आणि मुलगेही होते. कंदाहारकडचा मतिउल्ला वेसा. त्याच्या लहानपणी त्याच्या गावची शाळा हल्लेखोरांनी नष्ट केली होती. २००९ पासून तो मोटारसायकलवर पुस्तकं लादून खेडोपाडी हिंडायचा, टोळीच्या सावलीतल्या गावांतल्या वडीलधाऱ्यांपुढे बसायचा, बंद शाळा उघडून घ्यायचा. तालिबान आल्यावरही मुलींची शाळा उघडा हे म्हणणं त्यानं सोडलं नाही. २७ मार्च २०२३ ला काबूलमध्ये मशिदीतून बाहेर पडताना त्याला पकडलं. सात महिने तुरुंगात ठेवलं.

शेवटी पुन्हा रेडिओ. ८ मार्च २०२१ ला, काबूल पडण्याच्या पाच महिने आधी, हमिदा अमन यांनी तिथं बायकांचं एक केंद्र सुरू केलं होतं, रेडिओ बेगम. शाळा बंद झाल्या तशी या केंद्रानं शाळेचे तासच प्रसारित करायला सुरुवात केली. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शिक्षिका आणि समोर पुस्तकं घेऊन बसलेल्या मुली. धडे दरी भाषेत आणि पश्तोत. ४ फेब्रुवारी २०२५ ला तालिबाननं या केंद्रावर छापा घातला, दोन कर्मचाऱ्यांना नेलं, प्रक्षेपण थांबवलं. काही आठवड्यांत अटी घालून पुन्हा परवानगी दिली.

मी त्यांचा एक तास इंटरनेटवर ऐकला. भाषा येत नाही. गणित असावं, कारण आकडे ओळखू येत होते: यक, दो, से, चहार, पंज. चुलीपाशी बसलेली एखादी मुलगी हे ऐकत असेल, तिची आईही ऐकत असेल. इमाम ढेरीहून निघालेला आवाज जसा घरात शिरला होता तसाच हा शिरतो.

एक शब्द मी नंतर कोशात शोधला. तिकडच्या शाळेतही हजेरीला हाझिरीच म्हणतात. बाईंच्या वर्गातलं 'हजर' फारसीतूनच आपल्याकडे आलं. काबूलमध्ये नाव पुकारलं की मुलगी 'हाझिर' म्हणते. सहावीच्या पुढचा तो पट २३ मार्च २०२२ ला सकाळी काही तासांसाठी पुन्हा उघडला होता. मुली दप्तरं घेऊन आल्या होत्या. मग हुकूम आला, त्यांना घरी पाठवलं, आणि तो मिटला.